राजाचा डावा मागचा पाय

डोमाभाऊ,

तुमच्या तेरवीच्या आदल्या दिवशी चौकात लावायच्या फलकासाठी पोरांनी माझ्याकडून दोन ओळी मागितल्या. गावात काहीही लिहायचं असलं की सुषमाकडे जायचं, ही सवय तुम्हीच लावलेली. मी लिहून दिलं, 'कुशल कारागीर, मनमिळाऊ स्वभाव, सदैव स्मरणात.' पोरं खूश होऊन गेली. मला मात्र भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडे पाहवेना. तुमच्यासाठी मी आजवर कितीतरी अर्ज लिहिले, पण तुमच्याविषयी लिहिलेला हा फक्त दुसरा कागद. पहिला खोटा होता. त्याच्याबद्दल बोलायचं म्हणून हे लिहायला बसले आहे. तुम्ही जिवंत असताना बोलायला हवं होतं, हे मला कोणी सांगायची गरज नाही.

मी नववीत होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कुरखेड्याला मुलींचे कबड्डीचे सामने होते. आपल्या गावचा मुलींचा संघ पहिल्यांदाच बाहेर खेळत होता. आम्ही सातही जणी भावांचे पांढरे बनियन शाळेच्या ब्लाउजवर चढवून गेलो. समोरचा संघ पण पांढऱ्याच बनियनमध्ये. पंच म्हणाले, "दोन्हीकडं पांढरे, ओळखू कसा मी? काही खूण करा, नाई तं घरी जा." आमचे सर इकडंतिकडं पाहू लागले. आमच्यातल्या दोघी रडायला लागल्या.

तुम्ही तेव्हा मैदानाच्या कडेला बिडी ओढत बसला होतात. पोळ्याला सकाळी गावातलं आटपून साळ्याच्या गावी बैल रंगवायला गेला होतात आणि तिथूनच सरळ सामना पाहायला आला होतात. पिशवीत लाकडी ठसा होता, डब्यात उरलेला गेरू होता. तुम्ही उठलात, डब्यात नळाचं पाणी घेतलं आणि आमच्याकडे आलात.

"लायनीनं उभ्या राहा वो. पाठ करा इकडं. हलू नोका, बैल बी एवढा हलत नाई."

सात पाठींवर सात ठसे. लाल, ओले, गार. अजून तो गारवा मला आठवतो. पलीकडच्या पोरी टाळ्या पिटून ओरडायला लागल्या, "बैलं आले वो, बैलं! चारा आना, चारा!" आमची कप्तान म्हणाली, "चारा ठेव घरी, तुयी तंगडी सांभाळ." तो सामना आम्ही हरलो, पण जे नाव मिळालं ते टिकलं. कागदावर आमच्या संघाचं नाव लांबलचक होतं. कुरखेड्यापासून वडसापर्यंत सगळे आम्हाला 'बैलं' म्हणायचे आणि आम्हालाही ते आवडायला लागलं.

गेरू घामानं वाहून जायचा. सामना संपेस्तोवर सगळ्यांच्या पाठी गुलाबी व्हायच्या आणि घरी आई ओरडायची. म्हणून पुढच्या प्रत्येक सामन्याला तुम्ही यायचे आणि नव्यानं ठसे मारायचे. एकदा डिंक जास्त झाला आणि बनियन पाठीला असं चिकटलं की काढताना मी किंचाळले. तुम्ही म्हणालात, "आता हे नाव सोडत नाई तुले."

तो ठसा कशाचा होता, हे आपल्या गावात लहान पोरालाही ठाऊक होतं. राजा तुमचा बैल. तरणा असताना नांगराचा फाळ लागून त्याच्या डाव्या मागच्या पायाचं नख चिरलं होतं. जखम भरली, फट राहिली. धानाच्या बांधीतल्या चिखलात तो चालला की चार पावलांतलं एक पाऊल दुरून ओळखू यायचं. म्हातारा झाला तेव्हा तुम्ही त्याला बाजारात नेला नाही, दारातच मरू दिला. पावसाळ्यात गेला तो. त्याची शेवटची पावलं बांधीत होती, त्यातलं एक तुम्ही कुदळीनं चिखलासकट उचलून घरी आणलं, सावलीत वाळवलं आणि ते समोर ठेवून शिवणीच्या लाकडात त्याचा लहान ठसा कोरला. दोन अर्धगोल एकमेकांकडे झुकलेले आणि एकात आडवी फट. त्या वर्षीच्या पोळ्याला तुमच्या दारात बैल नव्हता, पण गावातल्या प्रत्येक बैलाच्या अंगावर राजा होता.

आणि तुमचा नियम! पोळ्याच्या सकाळी तुमच्या अंगणात रांग लागायची. कोणी म्हणालं, "डोमाभाऊ, ठसा द्या जी," की तुम्ही मान वर करायचे नाही. "कोनता ठसा? ठसे तं ढीगभर पडले आहेत. कोयरीचा देऊ? का फुलाचा देऊ?" समोरच्याला लक्षात आलं की तो कान पकडून म्हणायचा, "राजाचा पाय द्या." मग लगेच मिळायचा. कोणालाही मिळायचा. ज्याच्याशी तुमचं भांडण होतं त्यालाही. पलीकडच्या वस्तीवरच्या, टोल्यावरच्या गोंडांना मिळायचा, आम्हा बौद्धांच्या घरीही आमचे बाबा दरवर्षी आणायचे. मोबदला म्हणून तुम्ही कधी सुपारीसुद्धा घेतली नाही. नाव घ्यायचं आणि न्यायचं, एवढंच.

मी कॉलेजात गेल्यावर चिन्हं, हक्क, परवानगी या विषयांवरची एक कार्यशाळा केली. दोन दिवस बाहेरचे तज्ज्ञ बोलले. दुसऱ्याची कलाकृती कधी वापरता येते, किती वापरता येते, श्रेय कसं द्यायचं. मी वहीभर लिहून घेतलं. तुमच्या अंगणातला नियम त्यात कुठंच नव्हता, आणि मला तो तेव्हा आठवलाही नाही.

कॉलेजात मी गेले तीच मुळी तुमच्यामुळे. बाबा म्हणत होते, बारावी झाली, आता पुरे. तुम्ही आमच्या ओट्यावर येऊन बसलात. "गनपत, तुह्या पोरीनं माह्या जमिनीच्या पट्ट्याचा अर्ज लिहिला तं साहेबानं उभं राहून वाचला. माह्यं काम सात वर्षं अडलं होतं. हिले शिकू दे. गावात लिहिनारं मानूस पाह्यजे." बाबा म्हणाले, "पोरीची जात आहे, भाऊ." तुम्ही म्हणालात, "मंग? पोरानं लिहिलं तं अक्षर जास्त काळं होते का?" मी दाराआड उभी होते. चंद्रपूरच्या वसतिगृहात जाताना माझी लोखंडी पेटी तुम्ही सायकलवर ठेवून स्टँडपर्यंत आणलीत. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. फोटोत टोपी घातलेली मी आहे, मागे बाबा आहेत. तो फोटो काढायला तुम्ही यायला हवे होते. मीच बोलावलं नव्हतं. का, ते आता सांगते.

वसतिगृहात पहिल्याच महिन्यात मी ते जास्त डिंकाचं जुनं बनियन वाळत घातलं, त्याच्यावरचा ठसा धुवूनही गेला नव्हता. एका मुलीनं विचारलं, "हे पाठीवर काय आहे?" मी सरळ सांगितलं, बैलाचा पाय. कोणाच्या बैलाचा, त्याचं नाव काय, सगळं सांगितलं. तिनं खोलीतल्या बाकीच्यांना बोलावून मला परत सांगायला लावलं. मला वाटलं, त्यांना आवडलं. मग वर्षभर मी खोलीत आले की कोणीतरी म्हणायचं, "राजा कसा आहे ग तुझा? पत्र आलं का त्याचं?" मी ते बनियन पेटीच्या तळाशी टाकलं. आणि तेव्हापासून गावाबद्दल बोलताना आधी समोरच्याचा चेहरा पाहायची सवय लागली.

पदवी घेऊन परत आले. क्रीडा खात्यात कंत्राटी काम मिळालं आणि संघाची सचिव पण झाले. गावाला अभिमान होता. दोन वर्षांपूर्वी चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतल्या मुलींची मोठी स्पर्धा ठरली. प्रायोजक होता, रंगीत जर्सी मिळणार होत्या, आणि प्रत्येक संघाला स्वतःचं चिन्ह नोंदवायचं होतं. अर्जात प्रश्न होता, चिन्ह कोणाचं? पुढे तीन चौकटी. एखाद्या व्यक्तीनं तयार केलेलं असेल तर तिचं नाव, चिन्हाचा उगम आणि तिची सही किंवा अंगठा. विकत घेतलेलं असेल तर पावती. पारंपरिक असेल तर काहीच नको.

मी पहिल्या चौकटीत लिहायला सुरुवात केली होती, डोमाभाऊ. तुमचं नाव लिहिलं. 'उगम' समोर लिहिलं, 'राजा नावाच्या'. तेवढ्यात मोबाइलवर बैठक सुरू झाली. सगळ्या संघांनी आपापल्या चिन्हाची गोष्ट सांगायची होती. स्पर्धा भरवणाऱ्या नागपूरच्या मॅडम ऐकत होत्या. मोहर्लीकडच्या संघाची वाघीण होती. वरोऱ्याच्या संघानं कापसाच्या बोंडातून वीज निघताना दाखवली होती, आणि त्यांच्या मुलीनं ते इतकं छान सांगितलं, संघर्ष, ऊर्जा, मातीची ताकद. मग माझं नाव पुकारलं. पडद्यावर चाळीसेक चेहरे होते.

मॅडम म्हणाल्या, "हे फार सुंदर आहे. पान आहे का हे? ट्रायबल वाटतं."

मी म्हणाले, "हो मॅडम. आमच्या भागातलं प्राचीन पान-चिन्ह आहे."

"कोणी काढलं?"

"पारंपरिक आहे. कर्ता अज्ञात."

'कर्ता अज्ञात.' हे दोन शब्द मी कॉलेजातच शिकले होते. सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. बैठक संपल्यावर मी पहिल्या चौकटीत लिहिलेलं खोडलं आणि तिसऱ्या चौकटीवर खूण केली. खाली माझी सही. त्या वेळी तुम्ही आमच्या घरापासून दहा घरं पलीकडे बंडीच्या चाकाला आरे बसवत होतात. ठोकण्याचा आवाज माझ्या खिडकीत येत होता.

मी स्वतःला समजावलं. म्हटलं, यात तुमचाच मान आहे. एका सुताराच्या नावापेक्षा हजारो वर्षांची परंपरा मोठी. म्हटलं, तुम्हाला कुठं नाव पाहिजे असतं. खरं कारण तेव्हाही मला माहीत होतं. इतक्या लोकांसमोर मला बैलाचं नाव घ्यायचं नव्हतं.

जर्सी आल्या. निळ्या, चकचकीत. मी पहिली जर्सी तुम्हाला दाखवायला आणली, एवढी मी निर्धास्त होते. तुम्ही हात धुतलात, धोतराला पुसलेत, मग कापड हातात घेतलंत. बराच वेळ पाहिलंत. कंपनीच्या चित्रकारानं चिन्ह 'साफ' केलं होतं. दोन्ही अर्धगोल सारखे केले होते आणि एकातली आडवी फट काढून टाकली होती. त्यानं मला विचारलं होतं, हा डाग ठेवायचा का. मी म्हटलं होतं, काढा.

तुम्ही म्हणालात, "हा राजा नोहोय."

"तोच आहे भाऊ. जरा नीट केला."

"नीट काय करतं त्याले? तो असाच होता. हा कोनाचाबी बैल आहे, सुषमा. हा बाजारातला बैल आहे."

मी हसले. मला वाटलं गंमत करता आहात. तुमच्या गिरिजाबाई चहा घेऊन आल्या, तुम्ही जर्सी घडी करून माझ्याकडे दिलीत आणि म्हणालात, "पोरी खुश आहेत ना? मंग झालं." मी कपबशी ठेवून निघाले. त्या दिवशी तिथंच खरं बोलले असते तर पुढचं काही झालं नसतं.

मग तुम्ही मोहर्लीला गेलात. तुमचे जावई तिथल्या एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात कामाला, नातीचं बारसं होतं. तिथून आल्यावर तुम्ही मला ओट्यावर बोलावलंत आणि सगळं सांगितलंत, हसत हसत.

"दुकानात टोप्या टांगल्या होत्या वो. वाघाच्या, हरनाच्या, अन् एक आपली. मी त्या पोराले म्हनलो, हे चिन्ह कुठचं? तं तो म्हने, 'बाबा, आदिवासी कला है, हजारों साल पुरानी.' मी म्हनलो, बाबू, हे मी कोरलो. तं मले खालून वर पाह्यते अन् म्हन्ते, 'आपने? हजारों साल पहले?'" तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "मी तेवढा म्हातारा दिसतो का वो?"

मीही हसले. मग तुमचं हसू थांबलं.

"टोपीवर लावला त्याचं काही नाई. लावू दे. मी कोनाले नाई म्हनलो का कधी? पन त्या पोराले मालूमच नाई कोनाचा पाय आहे तो. त्याले कोनी सांगितलंच नाई. कोनी सांगाले पाह्यजे होतं?"

तुम्हाला कागद वाचता येत नव्हता, पण त्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला माहीत होतं असं मला वाटतं. मी मॅडमना फोन केला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अहो, तुम्हीच पारंपरिक लिहून दिलंय. पारंपरिक म्हणजे सगळ्यांचं. आम्ही ते प्रादेशिक चिन्हांच्या संग्रहात टाकलं, आता कोणीही वापरू शकतं. चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज द्या." मी तुमच्याकडे आले आणि जर्सीच्या दिवसापासून जे सांगायला हवं होतं ते सांगितलं. पूर्ण नाही, अर्धं. म्हटलं, अर्जात चूक झाली, नाव राहून गेलं.

तुम्ही म्हणालात, "माह्यं नाव राह्यलं तं राहू दे. डोमा सुताराचं नाव घेऊन कोन काय करन? राजाचं टाकजो."

"भाऊ, सरकारी कागदावर बैलाचं नाव कसं लिहायचं?"

"काऊन? सातबाऱ्यावर झाडं लिहितेत, विहीर लिहितेत. बैलानं काय पाप केलं?"

आपला वाद तिथं थांबला तो थांबलाच. मी म्हटलं, "लिहिते भाऊ." दुरुस्तीचा अर्ज छापून आणला आणि माझ्या पिशवीत ठेवला. तो पिशवीत सहा महिने फिरला. कडा मऊ झाल्या. दर वेळी तुम्ही विचारायचे, "लिहिलं का?" मी म्हणायची, साहेब रजेवर आहेत, साइट बंद आहे, स्पर्धा चालू आहे. एकही गोष्ट खरी नव्हती. खरं एवढंच होतं की दुरुस्ती म्हणजे त्या चाळीस चेहऱ्यांसमोर खोटी ठरणं, आणि माझं कंत्राट दर वर्षी नव्यानं होत असतं. मी घाबरले होते. पण त्या भीतीच्याही खाली वसतिगृहातलं ते हसू होतं. माझ्या मागच्यांत कोणी इतकं शिकलं नव्हतं, आणि इतकं शिकून मी चार मुलींच्या हसण्याला भीत राहिले.

धान कापून झालं आणि तुमच्या छातीत दुखायला लागलं. गडचिरोलीच्या दवाखान्यात मी तुम्हाला भेटायला आले तेव्हा पिशवी खांद्यावर होती. अर्ज आत होता. तुम्ही विचाराल म्हणून मी जिन्यात उत्तर तयार केलं, यावेळी कोणतं सांगायचं ते. तुम्ही विचारलंच नाही. "बस कितीची आहे तुयी? अंधाराच्या आत जाजो," एवढंच म्हणालात. मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना हात थांबतो, पण वाटलं होतं हे खरं आहे. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

तेरवीनंतर मी संघातल्या मुलींना मैदानावर बसवून सगळं सांगितलं. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान पोरी, त्यांच्या पाठीवर तुमच्या हातचा गेरू कधी लागला नाही, आणि जर्सीवरचं ते साफ केलेलं चिन्ह त्यांना पानच वाटायचं. मी सांगितलं की दुरुस्ती मंजूर होईपर्यंत आपल्याला चिन्ह वापरता येणार नाही, या हंगामात जर्सीवर फक्त नंबर असेल. कप्तान प्रणाली बराच वेळ गवत तोडत बसली. मग म्हणाली, "ताई, खोटं तुम्ही लिहिलं, अन् बिनचिन्हाचे आम्ही?"

मी म्हटलं, "हो."

"डोमाबाबाले सांगितलं होतं तुम्ही? पुरं?"

"नाही."

तिनं माझ्या बाजूनं एखादा शब्द बोलावा असं मला वाटत होतं. ती तो बोलली नाही हे बरं झालं.

मग गिरिजाबाईंकडे गेले. वारस म्हणून त्यांचा अंगठा लागणार होता. मी उगमाचा मजकूर वाचून दाखवला. फट कुठल्या नखाला होती ते मी 'आतल्या' असं लिहिलं होतं. त्यांनी मला तिथंच थांबवलं.

"भाईरच्या. आतल्या नाई. तूनं त्याले पाह्यलं नोहोतं का?"

"पाहिलं होतं, बाई. लहान होते."

"मंग ठसा तं पाह्यला होता." त्या ठसा घ्यायला आत गेल्या, आणि परत आल्या तेव्हा रिकाम्या हातानं. म्हणाल्या, कोणीतरी पोळ्याला नेला, अजून दिला नाही, पण नाव घेऊन नेला असेल तर आणून देईल. मग अंगठा देताना म्हणाल्या, "तुयी वाट पाहे तो. म्हने, कागद आला का मी आंगठा देतो. मले विचारे, शाई लावू का गेरू?" आणि पदरानं तोंड झाकून त्या हसल्या. मला नाही हसता आलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला तो हात नको होता, डोमाभाऊ. मी त्याला लायक नव्हते. पण तो काढा असं म्हणायचीही माझी हिंमत झाली नाही.

काल अर्ज घेऊन गडचिरोलीच्या कार्यालयात गेले. बाबू ओळखीचे. कागद वाचता वाचता त्यांनी चष्मा वर केला. "चिन्हाचा उगम, राजा, बैल, डावा मागचा पाय. हे असंच ठेवायचं का मॅडम?"

"असंच."

"लोक हसतील."

"हसू द्या."

हे दोन शब्द किती सोपे निघाले. दोन वर्षं मी याच दोन शब्दांना भीत होते.

त्यांनी पुढचा रकाना बोटानं दाखवला. 'आधी चुकीची माहिती देण्याचे कारण.' मी तो कोरा ठेवला होता. बाबू म्हणाले, "इथे 'नजरचुकीने' लिहून टाका. सगळे तेच लिहितात. पुढे काही त्रास नाही होत." मी पेन उघडलं. नजरचुकीने. किती सोयीचा शब्द आहे, भाऊ. माझ्या हातच्या कितीतरी अर्जांत मी तो लोकांसाठी लिहिला आहे. तुमच्याही एका अर्जात आहे. पण माझी नजर चुकली नव्हती. मी तुमच्याकडे, त्या पावलाकडे, त्या फटीकडे नीट पाहिलं होतं आणि मग लिहिलं होतं.

मी लिहिलं, 'बैलाचे नाव सांगायची लाज वाटली म्हणून.'

बाबूंनी वाचलं. म्हणाले, "मॅडम, असं कारण चालत नाही. कंत्राट आहे तुमचं, बघा."

मी म्हटलं, "खरं आहे ते. शिक्का मारा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. शिक्का मारला आणि पोच फाडून माझ्या हातात दिली.